भाकड दिवस

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या गल्लीत मातीला भाव येतो. एरवी पायाला लागली तर झटकायची, ओट्यावर सांडली तर झाडून टाकायची, तीच माती पोरं घमेल्यांनी वाहून आणतात. नदीच्या अंगाला वीटभट्ट्या आहेत. पावसाळाभर त्या बंद असतात, आणि त्यांच्या कडेचा ढीग भिजून, सुकून, पुन्हा भिजून इतका मऊ होतो की चाळायची गरजच पडत नाही. तटबंदीला ती माती, बुरुजाच्या पोटात विटांचे तुकडे, डोंगराला भिजवलेलं पोतं आणि त्यावर चिखलाचा हात. उतारावर मोहरी नाहीतर हळीव पेरायचे. ते उगवले की मग महाराज सिंहासनावर बसतात, तोवर किल्ला पोरका.

2023च्या दिवाळीत या मातीच्या वाहतुकीत पोरांच्या मागून एक उंच मुलगी चालत होती. डोक्यावर घमेलं, घमेल्याखाली ओढणीची चुंबळ, नाक उन्हानं लाल झालेलं. चुंबळ तिनं स्वतः वळली होती, बांधकामावरच्या बायकांचं बघून. एक हात घमेल्याला धरलेला होता, पण मान ताठ होती आणि पाऊल नीट पडत होतं. ओट्यावर बसून आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "शिकली गं ही."

ही मुलगी जर्मनीची. शाळा संपवून, विद्यापीठात जाण्याआधी एक वर्ष परदेशात काम करायला निघालेली. जर्मन सरकारनं 2008 साली 'वेल्टवेर्ट्स' नावाची एक योजना सुरू केली. 18 ते 28 वयाची मुलंमुली तिच्यातून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेत जातात. कुणी शेतीवर, कुणी दवाखान्यात, कुणी शाळेत काम करतं. हिच्या वाट्याला बांधकाम मजुरांच्या मुलांचा वर्ग आला होता. पावसाळ्याच्या शेवटाला ती आमच्या वरच्या खोलीत राहायला आली. परदेशी माणूस घरी ठेवायचा तर सी फॉर्म भरावा लागतो. तो आमच्या ह्यांनी भरला, पासपोर्टची झेरॉक्स फाइलला लावली, आणि सरकारदरबारी ती आमची पाहुणी झाली. घरात तिनं आईंना आजी म्हणायला सुरुवात केली आणि मला काकू.

मांजरीला मी लग्न होऊन आले तेव्हा पुण्याच्या मंडईत या गावाची ओळख वांग्यावरून सांगायचे. मांजरी गोटा: गोल, जांभळ्या अंगावर पांढरे पट्टे, देठाला काटे. भरलं वांगं करायचं तर तेच. मुळा-मुठेच्या एका काठाला मांजरी बुद्रुक, दुसऱ्या काठाला मांजरी खुर्द, आणि दोन्हीकडं ऊस. ऊस इतका की 1975 साली साखरेच्या अभ्यासाची संस्था निघाली ती इथंच. आज ती वसंतदादांच्या नावानं ओळखली जाते. मग 1997 साली द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आलं, आणि 'मांजरी' हे नाव द्राक्षांच्या नव्या वाणांनाही लागलं. 2021 साली मांजरी बुद्रुक महापालिकेत गेलं. आता बांधाच्या जागी कंपाउंड आहे आणि विहिरीच्या जागी पार्किंग. ज्या शेतात आईंनी उन्हाळी बाजरी राखली, तिथं क्रेन फिरते. त्या क्रेनखाली काम करणारी माणसं आज इथं, उद्या वाघोलीत, परवा आणखी कुठं. त्यांच्या मुलांसाठी साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत वर्ग भरतो.

दिवाळी आली की क्रेन थांबते. मजूर गावाकडं निघतात. मराठवाड्याचे एसटीनं, बिहारचे रेल्वेनं. पत्र्याच्या खोलीला कुलूप लागतं. त्यामुळं परदेशातून सेवेला आलेल्या या मुलीला ऐन सणात कामच राहिलं नाही. तिच्याबरोबरचे बाकीचे स्वयंसेवक राजस्थानला, केरळला फिरायला गेले. ती राहिली. तिला दिवाळी घरात बघायची होती. पण बघायची म्हणजे काय करायचं, हे तिला कळेना. वसुबारसेच्या सकाळी आंघोळ करून ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, मी काय करू?"

मी म्हटलं, "तू बस. चहा घे." खुर्ची दिली.

खुर्चीवर बसलेल्या त्या मुलीचा चेहरा मला दिवसभर पुरला. आमच्याकडं पाहुण्याला काम सांगायचं नसतं. पाण्याचा तांब्या उचलला तरी आपण धावतो. त्यात ती हजारो मैलांवरून आलेली, आईबापांना सोडून. तिला बसवून खायला घालणं यातच आमची माया होती. तिचं मात्र सगळं येणंच कामासाठी. हात रिकामे राहिले की आपण इथं का आहोत, हा प्रश्न तिच्या तोंडावर उमटायचा. ती खुर्चीत ताठ बसून राहिली, माझ्या प्रत्येक हालचालीवर डोळा ठेवून. कढई उतरवली की अर्धी उठायची, पुन्हा बसायची.

हा तिढा आईंनी सोडवला. संध्याकाळी गाईवासराची पूजा झाली, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी झाली, आणि जेवणानंतर आईंनी अनारशाचं पीठ पुढ्यात घेतलं. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत वाळवून, दळून त्यांनी ते गुळात मळून ठेवलेलं होतं. त्यांनी खुर्चीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ए पोरी, उठ. खाली बस इथं. खसखस पसर पाटावर." आवाजात जरा जरबच होती, ज्या आवाजात त्या मला आणि माझ्या जावेला बोलतात त्याच. मुलगी टुणकन उठली. तिचा चेहरा असा उजळला की मला त्या क्षणी समजलं, आम्ही तिला आदर देत होतो आणि तिला जागा हवी होती. आमच्या घरात पाहुणा आणि घरचा यांत एकच फरक आहे. घरच्याला काम सांगता येतं, आणि चुकलं तर रागावता येतं.

अनारसा शिकवायला फार अवघड. गोळी खसखशीवर थापायची, कडा पातळ, मध्य किंचित जाड. खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा. सोडला की तो पसरतो, जाळी धरतो, आणि तेव्हा त्याला हात लावायचा नाही. उलटायचा तर मुळीच नाही. झाऱ्यानं कडेनं तूप वर उडवत राहायचं. आच जरा जास्त झाली की हसतो, म्हणजे कढईतच फुटून विरघळतो. तिचे पहिले काही हसले. आई काही बोलल्या नाहीत. गॅस बारीक केला आणि तिच्या मनगटाला धरून झारा कसा फिरवायचा ते दाखवलं. दोघींची भाषा वेगळी. मनगटावरची पकड दोघींना कळत होती. त्यानंतरचा अनारसा जाळीदार निघाला. तो तिनं खाल्ला नाही, बशीत घेऊन फोटो काढला आणि आजीला पाठवला, तिच्या खऱ्या आजीला. त्यांच्याकडं नाताळच्या आधी चार आठवडे अशीच तळणभाजण असते, म्हणजे तळण नाही, भट्टीतलं. चंद्रकोरीच्या आकाराची व्हॅनिलाची बिस्किटं आजी करते आणि पत्र्याच्या डब्यांत भरून कपाटावर ठेवते. हे सांगताना तिनं करंजी हातात घेतली होती. आईंनी विचारलं, "कुलूप लावतात का डब्याला?" ती म्हणाली, "नाही. पण आजीला आवाज येतो."

धनत्रयोदशी धावपळीत गेली. हडपसरला जाऊन पणत्या, बत्तासे, लाह्या, नवी केरसुणी. झेंडूचा भाव त्या वर्षी काय होता ते आता आठवत नाही, पण घासाघीस आईंनी केली आणि पिशवी तिनं उचलली.

त्या वर्षी पंचांगात एक गंमत होती. धनत्रयोदशी शुक्रवारी, 10 नोव्हेंबरला. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही रविवारी, 12 तारखेला. मधला शनिवार मोकळा. पुन्हा सोमवार मोकळा, आणि पाडवा मंगळवारी, भाऊबीज बुधवारी. असा मधला दिवस आला की आमच्याकडं त्याला भाकड म्हणतात. भाकड दिवशी फराळाचं उरलेलं उरकायचं, रांगोळीचे रंग भरून ठेवायचे, दुपारी जरा आडवं व्हायचं. सणाच्या आठवड्यातला हा आडवं व्हायचा दिवस मला लहानपणापासून आवडतो. त्या दिवसाकडून कुणी काही मागत नाही.

शनिवारी, 11 तारखेला, सकाळी ती नेहमीपेक्षा गप्प होती. मी कारण विचारलं नाही. गप्प बसायलाही घर लागतं. दुपारी किल्ल्यावरची पोरं आकाशकंदील करत बसली होती, बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, खळ. ती त्यांच्यात जाऊन बसली, आणि तिचे हात असे चालू लागले की पोरं आपलं सोडून तिचं बघायला लागली. कामटी किती वाकेल, कागदाला सुरकुती न पडता खळ कशी लावायची, सगळं तिला येत होतं. मग तिनं सांगितलं. आज तिच्या गावी मार्टिनचा दिवस. राईन नदीच्या काठचं तिचं गाव. 11 नोव्हेंबरला संध्याकाळी सगळी लहान मुलं कागदाचे कंदील काठीला अडकवून गावातून फिरतात, पुढं घोड्यावर मार्टिन झालेला स्वार असतो, शेवटी मोठी शेकोटी पेटते आणि प्रत्येक मुलाला पावाचा केलेला माणूस मिळतो, बेदाण्यांच्या डोळ्यांचा. तिनं पहिला कंदील केला तो बालवाडीत. आज इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती तिथं नव्हती.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. गल्लीतली पोरं, आणि साइटवरच्या वॉचमनची दोन मुलं. साइट बंद असली तरी राखणदाराला दिवाळीची सुट्टी नसते, त्यामुळं वर्गातली तेवढीच दोघं मांजरीत उरली होती. आकाशकंदील टांगायचा असतो, हातात घेऊन चालायचा नसतो, यावर थोडी चर्चा झाली. पण काठ्या सापडल्या, मेणबत्तीचे तुकडे सापडले, आणि आई पाण्याची बादली भरून ओट्यावर बसल्या. ती तिच्या भाषेतलं कंदिलांचं गाणं म्हणत होती. पोरांना ते येत नव्हतं, म्हणून त्यांनी गाईम्हशी ओवाळायचं आपलं गाणं लावलं. दोन्ही एकाच वेळी चालू होती. मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन सगळे परतले. दोन कंदील जळाले. पावाच्या माणसाऐवजी चिवडा वाटला.

रात्री तिनं आईंना मार्टिनची गोष्ट सांगितली. मी मधे मधे सावरून देत होते. चौथ्या शतकातला रोमन सैनिक. कडाक्याच्या थंडीत आमियाँ नावाच्या शहराच्या वेशीवर त्याला एक उघडा भिकारी दिसला. द्यायला जवळ काही नव्हतं. त्यानं तलवार काढली, अंगावरचं वस्त्र मधोमध कापलं, अर्धं भिकाऱ्याला दिलं आणि अर्धं स्वतः पांघरलं. पुढं तो सैन्य सोडून साधू झाला.

आई म्हणाल्या, "अर्धंच? सगळं का नाही दिलं?"

तिला उत्तर सुचेना. असा प्रश्न तिला बालवाडीपासून कुणी विचारलेला नव्हता. आईंनीच थोडा विचार केला, सुपारी कातरली आणि म्हणाल्या, "बरोबर केलं त्यानं. सगळं दिलं असतं तर तो देऊन मोकळा झाला असता. आता दोघांनाही थोडी थोडी थंडी वाजली असंल."

मी आयुष्यात कितीतरी व्याख्यानं ऐकली, सेवेवरची, त्यागावरची. आईंची शाळा चौथीपर्यंत. पण मदत करणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मधे काय असायला हवं, हे इतक्या कमी शब्दांत मला कुणी सांगितलेलं आठवत नाही. दोघांच्या अंगावर एकाच कापडाचे तुकडे. एकाला ऊब आणि दुसऱ्याला पुण्य, अशी वाटणी नाही. ती मुलगी हे ऐकून बराच वेळ आईंच्या अडकित्त्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान. अंधारात उठायचं, पाटाभोवती रांगोळी, समईची वात, वाटीत कोमट केलेलं तिळाचं तेल, उटण्याचा तो कापूरकाचरीचा वास जो वर्षात एकदाच येतो. आईंनी तिला पाटावर बसवलं. घमेलं उचलणारी, पिशव्या उचलणारी, पोरांच्या नाकापर्यंत पुसणारी ती मुलगी पाटावर बसल्यावर मात्र अवघडली. आईंनी डोक्यावर तेल घातलं, टाळू थापली, मान, खांदे, दंड. तिनं दोनदा म्हटलं, "आजी, मी करते." आईंनी ऐकलंच नाही. त्यांचे हात आता संधिवातानं वाकडे झाले आहेत, पण तेल लावताना त्यांना कुठं थांबायचं आणि कुठं दाबायचं ते बरोबर कळतं. हळूहळू तिचे खांदे सैल पडले. मग तिला रडू आलं. आईंनी तेलकट हातानंच तिचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तेल गेलं वाटतं डोळ्यात," आणि पाठ चोळायला घेतली.

संध्याकाळी लक्ष्मीपूजन. लाह्याबत्तासे, केरसुणीला हळदकुंकू, वहीवर स्वस्तिक. आमची मुलगी स्टुटगार्टला असते. तिकडं दुपार होती. फोनवर तिनं पूजा बघितली, आरतीला घंटा वाजवली. तिचीही धावपळ चाललेली. तिकडं सण तिथीला येत नाही, शनिवारी येतो. शाळेचा हॉल भाड्यानं मिळेल त्या शनिवारी दिवाळी. हॉलमध्ये ज्योत लावायला परवानगी नसते, म्हणून पणत्या बॅटरीच्या. तिथल्या मराठी मंडळातल्या मुलामुलींनी कामं वाटून घेतलेली असतात. आमच्या लेकीकडं जेवण होतं, शंभरावर माणसांची बटाट्याची भाजी, आणि शेवटी हॉल धुऊन पुसून किल्ली परत करायची. परमुलखात मराठी माणसानं सण असाच धरून ठेवला आहे, नोकरी सांभाळून, रात्री जागून, पदरचं घालून. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं. अमेरिकेतल्या मंडळांनी 1981 साली आपलं बृहन्मंडळ केलं. या सगळ्याच्या मुळाशी बघितलं तर कुणीतरी दुसऱ्या कुणासाठी भाजी चिरतं आहे. फराळाचं पार्सल आणि दोन दिवाळी अंक तिला आम्ही आधीच पाठवले होते. 1909 साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हा तो अंक कुठंकुठं जाईल याची कल्पना कुणाला असेल!

फोन मग वरच्या खोलीतल्या मुलीकडं गेला. दोघी जर्मनमध्ये बोलत होत्या. मला त्यातलं 'चकली' एवढं कळलं. आमची लेक तिला काहीतरी विचारत होती, ती उत्तर देत होती, मधेच दोघी हसल्या, मग दोघींचा आवाज खाली आला. आपल्या मुलीचं बोलणं समजून घ्यायला मला एका परक्या मुलीला विचारावं लागलं असतं. मी विचारलं नाही. दोघींना एकमेकींचं घर ठाऊक होतं. त्यांच्यात काही आपलं असं असणारच.

सोमवारचा दुसरा भाकड दिवस आईंनी भाकड राहू दिला नाही. अमावस्या दुपारपर्यंत होती आणि वार सोमवार. सोमवती म्हणजे जेजुरी. खंडोबा आमचं कुलदैवत. हडपसर, दिवेघाट, सासवड असं करत पोचलो तेव्हा गाव पिवळं झालं होतं. सोमवतीला देवाची पालखी गडावरून निघते आणि कऱ्हेवर स्नानाला जाते. भंडारा इतका उधळला जातो की पायऱ्यांचा दगड दिसत नाही, श्वासातही हळद येते. येळकोटाचा गजर अंगावरून जातो.

वाटेत मी तिला गुंथर सोन्थायमर यांच्याबद्दल सांगितलं होतं. हायडेलबर्गचे प्राध्यापक. पुण्याला आले आणि धनगरांच्या, खंडोबाच्या, बिरोबाच्या, म्हसकोबाच्या मागं आयुष्यभर हिंडले. 1976 साली या तीन देवांवरचं त्यांचं पुस्तक जर्मन भाषेत निघालं. बाहेरून आलेल्या अशा माणसांचं महाराष्ट्राशी एक जुनं नातं आहे. 1950च्या दशकात आनंदवनात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे देशोदेशींचे स्वयंसेवक येऊन राहिले आणि कुष्ठरुग्णांच्या बरोबरीनं त्यांनी भिंती उभ्या केल्या. त्या काळात जवळपासची माणसं तिकडं फिरकत नव्हती. अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकरांनी 1950 साली मुंबईत व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी जी शाळा काढली तिला त्यांनी या कमलाबाईंचंच नाव दिलं. गेल ऑम्व्हेट कासेगावच्या झाल्या. या तिघी वर्षभरासाठी आलेल्या नव्हत्या, किंवा आल्या असतील तर परत गेल्या नाहीत. त्यांच्या ओळीत आमच्या मुलीला बसवण्याचा माझा हेतू नाही. तिचं तिकीट ऑगस्टचं ठरलेलं होतं. पण मुक्कामाची लांबी हीच आपलेपणाची खूण, असं मला आता वाटत नाही.

गडावर चढताना आई मध्येच बसल्या. गुडघे. "तुम्ही या जाऊन," म्हणाल्या. आम्ही वर गेलो, दर्शनाच्या रांगेत दोन तास लागले. वरून वळून बघितलं तर ती आमच्यात नव्हतीच. उतरताना दिसली, आईंच्या शेजारी दीपमाळेला टेकून, कपाळावर भंडारा, हातात खोबऱ्याचा तुकडा. गड बघायला एवढ्या लांब आलीस आणि वर का आली नाहीस, असं आमच्या ह्यांनी विचारलं. ती म्हणाली, "आजी एकट्या बसल्या असत्या." हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पाडव्याला आईंनी दारात शेणाच्या गवळणी घातल्या. पूर्वी घरोघर असायच्या. आता गल्लीत आमच्याच दारी, कारण शेण आणायला लांबचा गोठा गाठावा लागतो. ते तिनं बादलीतून आणलं, हात न आखडता कालवलं, आणि मातीची सवय असल्यामुळं तिच्या गवळणी आईंच्या गवळणींपेक्षा सुबक झाल्या. आईंनी बळीराजाला ओवाळलं, इडापीडा टळू दे म्हटलं. भाऊबीजेला किल्ल्याचा सहा वर्षांचा किल्लेदार आपण होऊन आमच्याकडं पाटावर येऊन बसला. त्याला सख्खी बहीण नाही. तिनं ओवाळलं. त्यानं ताटात दहाची नोट घातली, मग जरा विचार करून खिशातला मातीचा मावळा काढला आणि तोही ठेवला.

गुरुवारी सकाळी नदीकडच्या रस्त्यानं टेम्पो गेला. भट्टीचा हंगाम दिवाळी उलटली की सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं येतात; गाठोडी, भांडी, शेळी, कोंबड्या आणि त्यात कुठंतरी मुलं. पुढचे सहा-सात महिने ती तिथंच राहणार, गारा मळणार, विटा थापणार. वर्गाच्या ताईंचा फोन आला: पत्र्याच्या खोलीची शाळा सोमवारीच उघडेल, पण भट्टीवरच्या मुलांची नावं आजच लिहून घ्यायला हवीत. कुणाचं वय काय, गावाकडं कितवीत होतं, दाखला आणलाय का. एकदा आईबापांनी हाताशी धरलं की मूल शाळेकडं वळवणं कठीण जातं, म्हणून पहिल्या दिवशी जायचं असतं.

ती वही घेऊन खाली आली तर आई डबे उघडून बसल्या होत्या.

"चकल्या नेऊ नको, मोडतील. शंकरपाळी घे, लाडू घे. आणि वाटून लगेच उठू नको. खाली बस. त्यांनी दिवाळीला काय केलं होतं ते विचार. कुणाच्या गाठोड्यात काही असंल तर देतील तुला. नाही म्हणायचं नाही. तिथंच त्यांच्यासमोर खा."

"हो आजी."

"आणि डबा परत आण. संक्रांतीला लागंल."